देगलूरचा कार्यक्रम, बिलोलीचा पडदा

कीबोर्डला हात लावण्याआधी तो उजवा पाय चपलेतून बाहेर काढायचा. डावा चपलेतच. विचारलं तर म्हणायचा, "एक पाय भुईला लागलेला आसला की डोकं जाग्यावर ऱ्हातंय." खुर्चीत बसून काम करताना मी त्याला कधी पाहिलं नाही. प्रयोगशाळेतल्या चाळीस खुर्च्यांपैकी एकही त्याची नव्हती. उभ्या-उभ्या, मान थोडी वाकवून, दोनच बोटांनी तो टाइप करायचा आणि ती दोन बोटं माझ्या दहा बोटांपेक्षा वेगानं चालायची.

नांदेडच्या ज्या कॉलेजात मी संगणकशास्त्र शिकवतो, तिथल्या लॅबमध्ये तो तांत्रिक सहायक होता. आता लातूरला एका संस्थेत कायम नोकरीवर आहे, बरं चाललंय असं ऐकतो. मूळचा देगलूरचा. वयानं माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा आणि शिक्षणानं बराच लहान. आयटीआय, पुढं कुठलासा सहा महिन्यांचा कोर्स, बस्स. मी पुण्याहून एम.टेक. करून आलेला. समोर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो, मनात 'तो'. इथं मनातलंच लिहायचं आहे, तेव्हा 'तो'च राहू दे.

लॅबमधल्या मशीनना कंपनीनं नंबर दिले होते. ते त्यानं पुसले आणि प्रत्येक पीसीवर पांढऱ्या पट्टीवर गावांची नावं लिहिली. बिलोली, धर्माबाद, मुखेड, कंधार, उदगीर. कोपऱ्यातलं युनिक्सचं मोठं मशीन म्हणजे अर्थातच देगलूर. मग व्हरांड्यातून जाताना कानावर यायचं, "धर्माबाद लटकलंय भाऊ," "मग मुखेडात जाऊन बस की." एकदा तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी हे ऐकलं आणि मला विचारलं, "कॉलेजच्या इतक्या शाखा आहेत?" मी पट्ट्या काढायला सांगितल्या. त्यानं काढल्या. पोरांनी दुसऱ्या दिवशी पेननं परत लिहिल्या.

त्याची दुसरी खोड अशी, की मशीननं चूक दाखवली की तो ती पोरांकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा. पूर्ण. घरातल्या म्हाताऱ्याला आलेलं पत्र वाचून दाखवावं, तसं सावकाश. पोरगं घाईनं अर्धं वाचून थांबलं की म्हणायचा, "आगु, आगु. खालच्या दोन वळी कोणासाठी ठिवल्याव?" 'आगु' म्हणजे थांब, हे त्याच्या देगलूरच्या बाजूचं तेलुगू. "मशीन खोटं बोलत न्हाई. तुम्ही अर्धं वाचताव आन् सरांकडं पळताव."

सरांकडं, म्हणजे माझ्याकडं, पळत मात्र कोणी येत नव्हतं. माझ्या केबिनच्या दारावर पदव्यांसकट नावाची पाटी होती. पोरं त्या पाटीवरून पुढं जायची. एकदा तिसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या दारात थांबली. मला बरं वाटलं. तिनं विचारलं, "सर, ते आहेत का?"

"कोण ते?"

"ते," ती म्हणाली, आणि लाजून हसली. जणू कॉलेजात 'ते' एकच.

हेवा हा शब्द मी तेव्हा वापरत नव्हतो. विभागाच्या हेड मॅडमशी बोलताना मी त्याला शिस्तीचा प्रश्न म्हणायचो.

भूगर्भशास्त्र विभागाकडं विहिरींच्या पाणीपातळीवरून जमिनीखालच्या पाण्याचे नकाशे काढणारा एक प्रोग्राम होता. तो फक्त 'देगलूर'वर चालायचा आणि त्या मशीनसमोर एका वेळी एकाच माणसाला बसता यायचं. हेड मॅडम म्हणाल्या, "प्रोग्राम तिकडंच चालू दे, पण त्याच्या खिडक्या आपल्या साध्या पीसीवर उघडतील असं एक सॉफ्टवेअर असतं म्हणे. तेवढं बसवून द्या." मी म्हणालो, अर्ध्या तासाचं काम आहे.

'बिलोली'वर मी ते बसवलं. एक्स सर्व्हर म्हणतात त्याला. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. खाली कोपऱ्यात इंग्रजी एक्सचं छोटं चिन्हही आलं. नेटवर्कवरून 'देगलूर'ला आत जाऊन मी नकाशाचा प्रोग्राम सुरू केला. उत्तर आलं, 'कॅनॉट ओपन डिस्प्ले'. पडदा उघडता येत नाही. मी सॉफ्टवेअर काढलं, परत टाकलं. फायरवॉल बंद केली. दुसरं सॉफ्टवेअर आणून बघितलं. तीन दिवस तेच वाक्य. तो लॅबमध्येच होता, वायरी गुंडाळत, खिडकीपाशी उभा राहून धपाटं आणि भुरका खात. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलची बॅच आत आली. वीस-बावीस पोरं माझ्यामागं उभी. मी पुन्हा कमांड दिली, पुन्हा तेच. मागून त्याचा आवाज आला, "सर, बोलू का?"

पोरांसमोर नको कसं म्हणणार?

तो पुढं आला, उजवा पाय चपलेतून काढला. "कार्यक्रम कुठं चालू हाय?"

"सर्व्हरवर. देगलूरवर."

"आन् दिसायचा कुठं?"

"इथं. बिलोलीवर."

"मग पडद्याचा पत्ता तुम्ही देगलूरचाच दिलाव की. देगलूरचा कार्यक्रम बिलोलीत दाखवायचाय तर देगलूरला बिलोलीचा पत्ता कळाया पायजे. ह्यात पडदावाला तोच सर्व्हर, सर. इथं सर्व्हर म्हणजे ह्यो आपला पीसी."

मी वर्षानुवर्षं शिकवत होतो की मोठं मशीन ते सर्व्हर आणि छोटं ते क्लायंट. इथं उलटं असतं हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्यानं दोन बोटांनी एक ओळ बदलली. पडद्यावर एक छोटं गोल घड्याळ उघडलं. चाचणीसाठी वापरतात ते, दोन काट्यांचं. घड्याळ 'देगलूर'वर चालत होतं आणि दिसत होतं 'बिलोली'वर. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"आलं माणसात," तो म्हणाला आणि वायरींकडं परत गेला.

त्या टाळ्या मला घरी जेवतानासुद्धा ऐकू येत होत्या. बायको म्हणाली, "अहो, झालं ना काम? मग तोंड का असं?" मी म्हणालो, भाजीत मीठ जास्त आहे.

यानंतर जे घडलं ते सांगणं अवघड आहे. आजवर पूर्ण कोणालाच सांगितलेलं नाही.

रेणुका ही भूगर्भशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी. लातूरची, तिथंच दिलेली. नवऱ्याचं भांड्यांचं दुकान. ती सातव्या महिन्यात होती तेव्हा डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायलाच मनाई केली. प्रबंध द्यायची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती आणि नकाशे अजून निम्मे राहिले होते. तिनं मला फोन केला. "सर, लॅबमध्ये दिसतं तसं माझ्या लॅपटॉपवर घरी दिसेल का?"

मी दोन दिवस फोनवरून प्रयत्न केला. तिच्या घरातलं इंटरनेट आणि कॉलेजची फायरवॉल यांच्यामध्ये माझं डोकं चालेना. शेवटी म्हणालो, "घरून नाही होत ते. सुरक्षेचा प्रश्न असतो."

ती फक्त "बरं सर" म्हणाली.

पुढच्या रविवारी तो एसटीनं लातूरला गेला. कोणी पाठवलं नव्हतं, माझं फोनवरचं बोलणं त्यानं लॅबमध्ये ऐकलं असावं. तिच्या लॅपटॉपवर त्यानं ते सॉफ्टवेअर टाकलं, लॅपटॉपपासून आमच्या मशीनपर्यंत एक सुरक्षित जोडणी केली आणि 'देगलूर'च्या खिडक्या त्या जोडणीच्या आतून आणल्या. खिडकी उघडायला वेळ लागायचा, पण उघडायची. बाहेरून आत येण्याची ती वाट मीच माझ्या सोयीसाठी मागच्या वर्षी चालू करून ठेवली होती. मला ती सुचली नव्हती.

सोमवारी स्टाफरूममध्ये हेड मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अहो सर, तुम्ही तर म्हणाला होतात होत नाही म्हणून!" त्या हसून म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. बाकीचेही हसले.

त्या दुपारी मी केबिनचं दार लावलं. मुख्य पासवर्ड फक्त माझ्याकडं होता. 'देगलूर'च्या एका फाइलीत एक ओळ असते, खिडक्या त्या जोडणीतून बाहेर जाऊ द्यायच्या की नाही, एवढंच सांगणारी. तिथं 'यस' होतं. मी 'नो' केलं. कोणी विचारलंच तर सुरक्षेचं कारण तयार होतं. दार उघडलं आणि चहा मागवला.

मंगळवारी रेणुकाचा त्याला फोन आला की खिडकी उघडेना. दोन दिवस तो फोन कानाला लावून लॅबमध्ये उभा होता. तिच्याकडून एकेक वाक्य वाचून घेत होता. "पुन्हा वाच ताई. हाव. आता पुढचं." बुधवारी संध्याकाळी तो माझ्या दारात आला. तो सहसा यायचा नाही.

"सर, एका फाइलीत 'नो' पडलंय. चुकून झालं आसंल. 'यस' करून देताव का?"

"त्या फाइलीत डोकवायची तुम्हाला काय गरज?"

"वाचाया सगळ्यांला मुभा हाय, सर. बदलाया तेवढी न्हाई."

"बघतो उद्या."

मी स्क्रीनकडं बघत राहिलो. तो गेला.

गुरुवारी मी बघितलं नाही. शुक्रवारीही नाही. मला वाटत होतं की तो पुन्हा येईल, जरा अजीजीनं विचारेल, मग मी करीन. तो आला नाही.

शनिवारी रेणुका नवऱ्याला न सांगता भावाला घेऊन जीपनं नांदेडला निघाली. खिडकी घरी उघडत नाही, तर मशीनसमोरच जाऊन बसू म्हणून. अहमदपूरच्या अलीकडं तिला कळा सुरू झाल्या. जीप तिथूनच लातूरला परत फिरवली.

सोमवारी सकाळी हेड मॅडमनी हे मला जिन्यात सांगितलं. "वाचली हो दोघंही. आता दवाखान्यातच ठेवलंय तिला." मी केबिनमध्ये गेलो. पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्या वेळी आत गेलो आणि 'नो'चं 'यस' केलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बुधवारी तिचा नवरा कॉलेजात आला. सरळ लॅबच्या दारात गेला. "त्या लॅपटॉपवर तुम्हीच ते बसवलं होतं ना? आठवडाभर बंद कामून पडलं? तुमच्या भरवशावर ऱ्हायली ती! काही कमीजास्त झालं आसतं तर?" व्हरांड्यात पोरं गोळा झाली. मी माझ्या दारात आलो. आमच्यामध्ये वीस पावलांचं अंतर असेल.

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग त्या माणसाला म्हणाला, "माझ्याच हातून बिघडलं, मालक. चुकलं. आता चालू हाय."

"चुकलं म्हणं! उचलायचे हात आन् करायचं काम. येत न्हाई तर हात लावावा कशाला?"

तो मान खाली घालून ऐकत होता. मी बोलायला पाहिजे होतं. मी घसा खाकरला, एवढंच झालं. नवरा गेला, पोरं पांगली, मी आत येऊन बसलो. आणि त्या घटकेलाही माझ्या मनात आधी लाज आली नाही. आधी आलं ते हे, की इतकं ऐकून घेणंसुद्धा याला जमतं.

तीन आठवड्यांनी रेणुकाला मुलगी झाली. लहानखुरी होती, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण तगली. राहिलेले नकाशे रेणुकानं पलंगावरूनच पुरे केले. प्रबंधाच्या प्रती तिच्या नवऱ्यानं शेवटच्या दिवशी आणून दिल्या.

पुढं तोंडी परीक्षेला ती मुलीला कडेवर घेऊन आली. परीक्षा झाल्यावर तिनं मला प्रबंधाची एक प्रत दिली. ऋणनिर्देशाच्या पानावर माझं नाव पदव्यांसकट छापलं होतं. 'घरबसल्या काम करता यावं यासाठी सरांनी घेतलेले कष्ट मी विसरू शकत नाही.' मी पान खालीवर शोधलं. त्याचं नाव कुठंच नव्हतं.

"त्यांचं राहिलं का?" मी विचारलं.

"तेच म्हणाले सर, सरांचं टाका, माझं नक्को." ती मुलीची टोपी सारखी करत म्हणाली.

मी ती प्रत घेऊन लॅबमध्ये गेलो. तो एका पीसीचं झाकण उघडून पंख्यावरची धूळ ब्रशनं काढत होता.

"ती फाइल मी बदलली होती," मी म्हणालो. "चुकून नाही."

त्यानं पंख्यावर फुंकर मारली. "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"तुमच्या दारात आलतो त्या बुधवारपासून. पासवर्ड तुमच्याकडंच होता की."

"मग तिच्या नवऱ्यासमोर का नाही बोललात? माझ्यासाठी एवढं..."

"तुमच्यासाठी कामून?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "मी कंत्राटावर हाय, सर. दर जूनला माझ्या कागदावर सही तुमची. त्या दिवशी मी बोललो आसतो तर पुढच्या जूनला मी कुठं आसतो? प्रबंधात नाव तुमचं घाल म्हणलो ते बी त्याच्यासाठीच. छापून आलं की तुम्ही खूश ऱ्हाताल. मला दोन लेकरं हायत."

मी त्याला मोठ्या मनाचा ठरवून बसलो होतो. त्यात मला सोयही होती. तो घाबरला होता, आणि मलाच घाबरला होता. माझी भीती वाटण्यासारखं माझ्यात काही आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"मी मॅडमना सांगतो," मी म्हणालो.

"सांगा. आन् त्या दुकानदारालाबी सांगा. चारचौघांत बोलला त्यो मला."

मी तिथंच, त्याच्यासमोर, रेणुकाच्या नवऱ्याला फोन लावला. वाट बंद झाली ती माझ्या हातानं, याचा दोष यांच्याकडं नव्हता, एवढं सांगितलं. हेव्याचं कारण मात्र सांगवलं नाही. पलीकडं दुकानातल्या भांड्यांचा आवाज येत होता. मग तिचा नवरा म्हणाला, "सर, तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती," आणि फोन ठेवला. मॅडमकडं जाऊन तेवढंच सांगितलं, तर त्यांनी ऐकून घेतलं, मला लेखी समज दिली आणि लॅबचा ताबा व मुख्य पासवर्ड त्याच्याकडं द्यायला सांगितलं. कंत्राटाच्या कागदावर तेव्हापासून त्या स्वतः सही करू लागल्या.

पासवर्ड मी एका चिठ्ठीवर लिहून त्याला द्यायला गेलो. त्यानं ती वाचून खिशात ठेवली.

"अजून काही?" मी विचारलं. "माझ्याकडून होण्यासारखं?"

"एक हाय. हसताल तुम्ही."

"नाही हसणार."

"मला एकदा फळ्यावर शिकवायचंय. तासाला. तुम्ही बोलताव तवा पोरं वहीत उतरवून घेतात. मला लई बघवत नव्हतं ते. आता सांगाया काय, जळायचो मी. माझ्याकडं येतात, काम झालं की पळतात. एका पोरानं कधी माझं लिवून घेतलं न्हाई."

मी त्याला माझा गुरुवारचा तास दिला.

तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. मी शेवटच्या बाकावर, दोन मुलींच्या शेजारी जाऊन बसलो. खडू हातात धरून तो फळ्यासमोर उभा राहिला आणि भाषणात बोलावं तसं म्हणाला, "विद्यार्थी मित्रांनो, आज आपण नेटवर्कवरील प्रदर्शन प्रणालीचा अभ्यास करणार आहोत." एवढं म्हटल्यावर पुढचं वाक्य आठवेना. खडू पडला. वाकून त्यानं तो उचलला.

मधल्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, आपल्या भाषेत सांगा की."

पोरं हसली. तोही हसला. मग पाऊण तास तो बोलला. मध्येच एखाद्याला उठवून प्रश्न विचारायचा, चुकीच्या उत्तरावरून पुढचं सांगायचा. खिडकी उघडताना कोण कोणाला काय विचारतं, परवानगी कुठं अडते, अडली तर आधी काय बघायचं. मी चौदा वर्षं शिकवत होतो ते मला त्या तासाला नीट कळलं.

शेजारच्या मुलीनं पाच पानं भरली. माझ्या तासाला ती वहीच्या कडेनं वेलबुट्ट्या काढत बसायची, हे मला पक्कं ठाऊक होतं. हेवा गेला नव्हता. मी तिच्याकडून एक कोरं पान मागून घेतलं आणि तो सांगेल तसं उतरवायला लागलो.